बसल्या जागी गाडी लागते तेव्हा

मागच्या महिन्यातली गोष्ट. संध्याकाळची गर्दी ओसरत आली होती आणि कंपाउंडर शेवटचे केसपेपर लावत होता. तेवढ्यात गावातल्याच एक बाई आपल्या वीस वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. मुलगी आय.टी.आय. झालेली, चाकणकडच्या एका कारखान्यात शिकाऊ म्हणून नुकतीच लागलेली. घरात मिळवणारी ती एकटीच. वडील दोन वर्षांपूर्वी गेले, ते माझेच पेशंट होते.

"डॉक्टर, हिला तिथं गाडी लागते," आई म्हणाल्या.

मला वाटले, चाकणच्या बसबद्दल बोलत आहेत. मुलगी म्हणाली, "गाडी नाही हो डॉक्टरकाका. खुर्चीत बसल्या जागी लागते."

मग तिने सगळे सांगितले. कारखान्यात नव्या मुलांना यंत्राजवळ नेण्याआधी डोक्यावर एक जाडजूड चष्मा चढवतात. त्यात सगळा कारखाना हुबेहूब दिसतो. मान वळवली की बाजूचे यंत्र दिसते, हातातले बटण दाबले की आपण पुढे चालू लागतो. आग लागली तर कुठला व्हॉल्व्ह बंद करायचा, कुठल्या दाराने बाहेर पडायचे, हे सगळे त्यात शिकवतात. पहिल्या दिवशी दहाव्या मिनिटाला तिला दरदरून घाम फुटला, तोंडाला पाणी सुटले आणि ती चष्मा काढून मोरीकडे पळाली. दुसऱ्या वेळीही तेच. शिकवणारे गृहस्थ म्हणाले, "होईल सवय." पण पंधरा दिवसांनी परीक्षा होती, आणि त्यात नापास झाले तर पुढे काय, या काळजीने तिची झोप उडाली होती.

तिने पर्समधून पेनाएवढी एक काचेची बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली. टोकाला फिरती गोळी, आत गुलाब आणि पुदिन्याचे तेल. मोबाईलवर जाहिरात पाहून साडेतीनशे रुपयांना मागवलेली. "हे हुंगलं की थांबतं म्हणतात. खरं आहे का? नाहीतर मी नोकरी सोडते."

प्रश्न सरळ होता, उत्तर तेवढे सरळ नाही. म्हणून आजचा लेख.

कान एक सांगतो, डोळे दुसरेच

या चष्म्याला हेडसेट म्हणतात आणि त्यातल्या खेळाला व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे आभासी वास्तव. हे शहरातलेच खूळ आहे असे समजू नये. गेल्या खेपेस आपल्या जत्रेत पाळण्याशेजारी याचा स्टॉल होता आणि तिथून थेट माझ्याकडे आलेली दोन पोरे मी स्वतः पाहिली आहेत.

गाडी का लागते हे आधी समजून घेऊ. आपल्या कानाचे काम ऐकण्यापुरतेच नाही. कानाच्या अगदी आत, हाडाच्या पोकळीत, तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात आणि त्यांत द्रव भरलेला असतो. मान फिरवली की द्रव मागे रेंगाळतो आणि त्यावरून मेंदूला कळते की डोके फिरले. त्यांच्या शेजारीच दोन छोट्या पिशव्या असतात. त्यांत कॅल्शियमचे बारीक खडे एका चिकट पडद्यावर रुतलेले असतात. गाडी सुटली, ब्रेक लागला, लिफ्ट वर निघाली, हे त्या खड्यांच्या सरकण्यावरून कळते. डोळे, मान आणि पायाचे स्नायू आपापला अहवाल वेगळा पाठवतात. मेंदू हे सगळे कागद जुळवून पाहतो.

एसटीत बसून पुस्तक वाचताना कान म्हणतो, आपण हलतो आहोत. डोळे म्हणतात, पान तर स्थिर आहे. कागद जुळत नाहीत. हेडसेटमध्ये नेमके उलटे होते. डोळ्यांना दिसते की आपण चालतो आहोत, वळतो आहोत, जिना उतरतो आहोत. कान मात्र शपथेवर सांगतो की हा माणूस खुर्चीत बसला आहे. जेम्स रीझन या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात ही विसंगतीची उपपत्ती नीट मांडली आणि आजही तीच सर्वाधिक मानली जाते.

पण कागद जुळले नाहीत म्हणून उलटी का व्हावी? डोके दुखावे, फार तर चक्कर यावी. मिशेल ट्रीझमन यांनी १९७७ साली यावर एक नामी कल्पना मांडली. लाखो वर्षांपूर्वी डोळे आणि कान यांचे बिनसण्याचे एक मोठे कारण म्हणजे पोटात गेलेले विष. विषारी फळ खाल्ले की जग गरगरते. मेंदूला त्यावर एकच उपाय ठाऊक: पोट रिकामे करा. बिचाऱ्या मेंदूला एसटी आणि हेडसेट यांची खबर नाही. ही कल्पना सिद्ध झालेली नाही, पण मला ती पटते.

या सगळ्यात कानाचा हात किती, याचा पुरावा मात्र पक्का आहे. ज्यांच्या दोन्ही अंतर्कर्णांचे तोल सांभाळण्याचे काम पूर्ण बंद पडलेले असते, अशा माणसांना बोट लागत नाही. खवळलेल्या समुद्रातही ती शांतपणे जेवतात.

आणि हा आजार हेडसेटबरोबर जन्मला असेही नाही. अमेरिकेच्या नौदलात हेलिकॉप्टर चालवायला शिकवण्यासाठी जमिनीवरचे नकली हेलिकॉप्टर केले होते. त्यात बसून वैमानिक आजारी पडतात, ही नोंद १९५७ सालची आहे. १९९३ साली रॉबर्ट केनेडी आणि सहकाऱ्यांनी अशा त्रासाची एक प्रश्नावली तयार केली, ती आजही वापरतात. तिच्यात लक्षणांचे तीन गट आहेत: मळमळ आणि घाम हा एक, डोळ्यांचा ताण आणि डोकेदुखी हा दुसरा, चक्कर आणि दिशा हरवणे हा तिसरा. हेडसेटमध्ये हा तिसरा गट विशेष जोरात असतो. म्हणून या मुलीला मी पहिली ताकीद दिली ती अशी, की चष्मा काढल्यावर अर्धा-पाऊण तास स्कूटर चालवायची नाही. बरे वाटले तरी नाही.

वासाचा यात काय संबंध?

आता बाटलीकडे वळू.

मी पाचवी-सहावीत असताना आजोळी जायचे म्हणजे आंबा घाटातून जावे लागे. त्या काळची लाल एसटी, तापलेले रेक्झिन, डिझेलचा भपका, त्यात पुढच्या बाकावर कोणीतरी आधीच सुरुवात केलेली. घाट अजून तासाभरावर असे, पण स्टँडवरचा डिझेलचा वास नाकात गेला की माझ्या तोंडाला पाणी सुटू लागे. गाडी उभीच असे. आई पदराच्या गाठीतून लिंबू काढून नखाने साल खरवडून नाकाशी धरी. ते लिंबू माझ्यासाठी औषध होते, हे मी आजही नाकारणार नाही.

याचे शरीरशास्त्र असे आहे. इतर संवेदना मेंदूच्या आत एका मोठ्या जंक्शनवर थांबून पुढे जातात. वास मात्र नाकाच्या छतातून निघून थेट भावना आणि आठवण यांच्या घरात शिरतो. म्हणून वासाने माणसाला क्षणात रडू येते आणि क्षणात ओकारीही येते. शिवाय उलटीच्या वेळी जो वास भोवती असेल, त्याची मळमळीशी गाठ बसते आणि ती गाठ वर्षानुवर्षे सुटत नाही. उभ्या एसटीत मला उमासे येत ते यामुळेच. तेव्हा नकोसा वास मळमळ वाढवतो हे आपण सगळेच अनुभवाने जाणतो. हवासा वास ती कमी करतो का, हा खरा प्रश्न.

यावर प्रयोग झाले आहेत, फार नाहीत, पण झाले आहेत. २०१५ साली बेहरांग केशवर्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपला प्रयोग प्रसिद्ध केला. साठाहून थोड्या अधिक लोकांना त्यांनी सायकलवरून घेतलेली पंधरा मिनिटांची चित्रफीत दाखवली. सायकल हलते, रस्ता हलतो, बघणारा बसलेला. एका गटाच्या खोलीत गुलाबाचा वास सोडला, दुसऱ्याच्या खोलीत चामड्याचा, तिसऱ्याच्या खोलीत काहीच नाही. गुलाबाच्या गटात ज्यांना तो वास जाणवला, त्यांची मळमळ कमी भरली. यातले 'ज्यांना जाणवला' हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण कित्येकांना खोलीत गुलाब आहे हे कळलेच नाही, आणि न कळलेल्या गुलाबाने काही केले नाही. आणखी एक गोष्ट त्यात दिसली. ज्यांचे नाक तिखट, त्यांना असला त्रासही जास्त.

बाटली विकणारे इथेच थांबतात. पण त्याच्या आदल्याच वर्षी, २०१४ साली, फ्रान्समधल्या काही संशोधकांनी दुसरा प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्यांनी माणसांना तिरक्या अक्षावर फिरणाऱ्या खुर्चीत बसवले. एकदा पेट्रोलसारखा वास दिला, एकदा लिंबा-संत्र्याच्या जातीचा, एकदा काहीच नाही. खुर्चीने सगळ्यांना मळमळवले. वासाने त्यात फरक पडला नाही. चांगल्या वासाने कमी झाले नाही आणि वाईट वासाने वाढलेही नाही.

दोन प्रयोग, दोन उत्तरे. मग खरे कोणते? मला वाटते, दोन्ही. फिरत्या खुर्चीत थेट कानावर घाला असतो, तिथे लिंबाचे चालत नाही. पडद्यावरच्या हालचालीत घाला सौम्य असतो, आणि मन दुसरीकडे वळले की त्रासही काहीसा वळतो. हेडसेट या दुसऱ्या जातीत बसतो. केशवर्झ आणि हेश्ट यांना त्याआधी आवडत्या संगीतानेही असाच थोडा आराम पडलेला दिसला होता. म्हणजे गुलाबात काही जादूचा गुण आहे असे नाही. जे आपल्याला आवडते त्याने मन सावरते. हे माझे अनुमान आहे, वाचकांनी ते अनुमान म्हणूनच घ्यावे.

स्पिरिटच्या बोळ्याची गोष्ट

वासाने मळमळ थांबण्याचा याहून भक्कम पुरावा भलत्याच ठिकाणी सापडतो, तो म्हणजे इंजेक्शनआधी दंडाला लावतात त्या बोळ्यात. भूल उतरताना होणाऱ्या उलट्यांवर तो हुंगवण्याची पद्धत परिचारिकांना जुनी ठाऊक आहे. २०१६ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या एका इस्पितळाच्या तातडीच्या विभागात त्याची रीतसर परीक्षा झाली. मळमळ घेऊन आलेल्या ८० रुग्णांपैकी निम्म्यांना आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा नाकाखाली धरून लांब श्वास घ्यायला सांगितले, निम्म्यांना सलाइनचा बोळा दिला. दहा मिनिटांनी मळमळ किती आहे ते दहापैकी गुणांत विचारले. सलाइनवाल्यांचा मधला आकडा ६ आला, अल्कोहोलवाल्यांचा ३. पुढे २०१८ साली १२२ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात तर नुसती ऑन्डानसेट्रॉनची गोळी गिळणाऱ्यांपेक्षा बोळा हुंगणाऱ्यांना अर्ध्या तासात अधिक आराम पडला.

मी स्वतः दवाखान्यात हे करून पाहतो. काहींना चांगला गुण येतो, काहींना वास उग्र वाटतो आणि ते तोंड फिरवतात. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. हे अभ्यास तापाच्या, पोटाच्या, इतर आजारांच्या मळमळीवरचे आहेत, हेडसेटवरचे नव्हेत. आणि बोळा म्हणजे छोट्या चौकोनी पाकिटात बंद येतो तो, ज्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल असे छापलेले असते. दुकानात बाटलीतून मिळणारे स्पिरिट पुष्कळदा वेगळ्या जातीचे, पिण्याला नालायक करण्यासाठी विषारी द्रव्य मिसळलेले असते. ते हुंगत बसू नये. देवघराजवळ किंवा शेगडीजवळ तर दोन्ही नको, भडका उडतो.

या सगळ्यात श्वासाचा वाटा किती, हाही एक मुद्दा आहे. लांब, सावकाश, मोजून घेतलेल्या श्वासाने गाडी लागणे काही अंशी कमी होते, हे वेगळ्या प्रयोगांत दिसले आहे. आणि कुठलीही चांगली वस्तू हुंगायची म्हटली की माणूस आपोआप लांब श्वास घेतो. आईच्या लिंबाचे अर्धे श्रेय या श्वासाला असेल, अशी मला शंका आहे.

गंमत म्हणजे ज्याने सर्वांत आधी माणसाला अशा आभासी जगात बसवायचा घाट घातला, त्याने वासाचीही सोय करून ठेवली होती. मॉर्टन हायलिग नावाच्या अमेरिकन चित्रपटकाराने सेन्सोरामा नावाचे यंत्र केले, १९६२ साली त्याचे पेटंट मिळाले. पेटीत डोके घालून बसायचे, समोर मोटारसायकलची सफर, खाली थरथरणारे आसन, तोंडावर पंख्याचा वारा आणि रस्त्यावरचे वास. वास तिथे सफर खरी वाटावी म्हणून होता, औषध म्हणून नव्हे. धंदा चालला नाही, पण त्यातला पंखा मला फार शहाणपणाचा वाटतो. तो का, ते पुढे सांगतो.

मुलीला काय सांगितले

मी तिला विचारले, "तुझ्या आधी तो चष्मा कुणी घातला होता?"

"आमच्यातलाच एक मुलगा. चांगला सहा फूट आहे."

"मग तुझ्यासाठी भिंगं सरकवली का?"

तिने मान हलवली. भिंगे सरकतात हेच तिला कोणी सांगितले नव्हते.

आपल्या दोन बुबुळांतले अंतर साधारण सहा-साडेसहा सेंटिमीटर असते, आणि बायकांचे सरासरीने पुरुषांपेक्षा थोडे कमी. हेडसेटची भिंगे त्या अंतराशी जुळली नाहीत तर डोळे सतत ओढाताण करतात. असा त्रास बायकांना जास्त होतो अशी जुनी समजूत आहे. २०२० साली के स्टॅनी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की त्याचे एक मोठे कारण म्हणजे हे न जुळणारे भिंगांचे अंतर. ज्या बायकांना चष्मा नीट बसला, त्यांचा त्रास पुरुषांइतकाच होता. म्हणजे दोष नाजूक प्रकृतीचा नव्हे, मापाचा. मी पट्टी घेऊन तिच्या बुबुळांतले अंतर मोजले, ५९ मिलिमीटर भरले, आणि चिठ्ठीवर लिहून दिले. हा आकडा शिकवणाऱ्यांना दाखव म्हणालो. त्या साडेतीनशे रुपयांच्या बाटलीपेक्षा ही चिठ्ठी मोलाची आहे असे मी तिला सांगितले, आणि आई पहिल्यांदा हसल्या.

मग बाकीचे. रिकाम्या पोटी जायचे नाही आणि भरल्या पोटीही नाही; तासभर आधी भाकरी, मऊ भात, केळे असे काही. आदल्या रात्री झोप हवी. बसून करायचे, उभे राहून नको. टेबलफॅन समोर ठेवायला सांगायचा. तोंडावर वारा असला की असला त्रास कमी होतो हे प्रयोगात दिसले आहे, म्हणून हायलिगचा पंखा मला आवडला. हातातल्या बटणाने गर्रकन वळण्याऐवजी खुर्चीसकट स्वतः वळायचे, म्हणजे कान आणि डोळे एकच साक्ष देतात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सवय, पण ती 'होईल सवय' म्हणून सोसल्याने होत नाही. पहिल्या खुणा ओळखायच्या: जांभई, तोंडात लाळ, कपाळावर गार घाम, चेहरा पांढरा पडणे. त्यातली एक दिसली की तिथेच डोळे मिटून चष्मा काढायचा. पहिल्या दिवशी पाच मिनिटे, मग पूर्ण विश्रांती, दुसऱ्या दिवशी सहा-सात. उलटी होईपर्यंत ताणले तर मेंदू धडा उलटा शिकतो, आणि पुढच्या वेळी नुसता चष्मा पाहून मळमळते. माझ्या डिझेलसारखे. नौदलाच्या वैमानिकांपासून खलाशांपर्यंत सगळे याच हप्त्याहप्त्याने तयार होतात.

आणि वास? वापर म्हणालो, पण रीतीने. तुला स्वतःला जो वास आवडतो तोच घे, जाहिरातीतल्या बाईला आवडतो तो नव्हे. गुलाब आवडत नसेल तर गुलाबाने उलट त्रास होईल. आधी घरी दोन-तीन दिवस हुंगून पाहा, डोके दुखते का ते बघ. थेंब रुमालावर, चष्म्यावर किंवा त्याच्या गादीवर नाही. तो दुसऱ्यांनाही घालायचा असतो. सारखा नाकाशी धरू नकोस, नाक पाच-दहा मिनिटांत वासाला सरावते आणि मग तो असून नसल्यासारखा होतो. त्रासाची चाहूल लागली की चष्मा काढून चार-पाच लांब श्वासांबरोबर हुंग. उलटी सुरू झाल्यावर मात्र आवडता वास जवळ नको, नाहीतर तोही कायमचा नावडता होऊन बसेल. ताज्या लिंबाची साल किंवा आल्याचा तुकडा या बाटलीइतकेच काम करील. आले तर चघळताही येते. १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये आल्याच्या पुडीने फिरत्या खुर्चीतली मळमळ लांबल्याचा प्रयोग छापून आला होता.

"आणि गोळी?" आईंनी विचारले. गाडीसाठी अ‍ॅव्होमिन बहुतेक घरांत असतेच. ती किंवा सिनारिझिन गुण देते, पण झोप आणते. यंत्र शिकायला निघालेल्या मुलीने झापड घेऊन बसावे आणि मग स्कूटरवरून घरी यावे, हे मला मान्य नाही. उलटीसाठी सर्रास घेतली जाणारी ऑन्डानसेट्रॉनची गोळी गाडी लागण्यावर फारशी चालत नाही, हेही दुकानदाराच्या सल्ल्याने ती घेणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

इथे वास हुंगू नका

आपल्याकडे वास हे औषध फार जुने आहे, आणि त्यातच एक धोका आहे. फिट आलेल्याला कांदा किंवा चप्पल हुंगवणारे लोक मी अजून पाहतो. त्याने फिट थांबत नाही, वेळ जातो.

चार-पाच वर्षांपूर्वी साठीचे एक गृहस्थ नातवाबरोबर शहरातल्या मॉलमध्ये गेले होते. नातवाच्या हट्टाने त्यांनीही तो चष्मा घातला. पाचच मिनिटांत घाम, मळमळ, छातीत जड. घरच्यांना वाटले, चष्म्याने झाले. लिंबू हुंगवले, रुमालावर अत्तर घातले, आणि तासभराचा प्रवास करून गावी आणले. माझ्याकडे आले तेव्हा ईसीजीमध्ये हृदयविकाराचा झटका स्पष्ट दिसत होता. अँब्युलन्सने पुढे पाठवले, वाचले, पण तो दीड-दोन तासांचा उशीर त्यांच्या हृदयाला कायमचा भोवला आहे. हेडसेटची मळमळ चष्मा काढून स्वस्थ बसले की बहुधा अर्ध्या-एक तासात उतरू लागते. ती वाढतच गेली, छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखू लागले, बोबडी वळली, तोंड वाकडे झाले, एकाचे दोन दिसू लागले, किंवा आयुष्यात कधी नव्हते इतके डोके दुखले, तर रुमाल बाजूला ठेवा आणि गाडी काढा.

दम्याच्या रुग्णांना उग्र वासाने धाप लागते, अर्धशिशीच्या रुग्णांचे डोके वासानेच उठते. या दोघांनी बाटलीच्या वाटेला जाऊ नये. अर्धशिशी असणाऱ्यांना मुळात गाडीही जास्त लागते, हे सहज सांगून ठेवतो. फिट येणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज हेडसेट घालू नये, त्यातल्या लखलखाटाने काहींना झटका येऊ शकतो.

लहान मुलांबाबत तर हात जोडून विनंती. कापूर, निलगिरीचे तेल, पुदिन्याचा अर्क हे तान्ह्या मुलाच्या नाकाशी किंवा नाकपुडीत लावू नका. श्वास अडकू शकतो. कापराचा छोटा तुकडा पोटात गेला तरी बाळाला फिट येऊ शकते. घाटात मळमळ नको म्हणून रुमालात बांधलेला कापूर चघळणारी पोरे मी पाहिली आहेत. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रोमेथाझिन, म्हणजे अ‍ॅव्होमिनच्या जातीचे औषध, मुळीच देऊ नये. आणि हेडसेट बनवणाऱ्या कंपन्यांनीच वयाची अट घातलेली असते, कुठे दहा वर्षे, कुठे तेरा. जत्रेतल्या स्टॉलवर पाच वर्षांच्या पोराच्या डोक्यावर तो बांधतात तेव्हा ती अट कोणी विचारत नाही. आई-बापांनी विचारावी.

ती मुलगी तीन आठवड्यांनी परत आली, या वेळी एकटीच. भिंगे सरकवल्यावर पहिल्याच दिवशी अर्धा त्रास गेला, म्हणाली. पंखा मिळाला. पाच मिनिटांवरून ती पंचवीस मिनिटांवर पोचली, परीक्षा दोन दिवस उशिरा पण झाली. गुलाबाची बाटली तिने मैत्रिणीला देऊन टाकली. रुमालात आता घरच्या मोगऱ्याची दोन फुले असतात. "काका, पण नक्की कशाने थांबलं? मोगऱ्याने, पंख्याने की सवयीने?"

माझा कौल भिंगांना आणि सवयीला आहे, मोगऱ्याला फार तर एक आणा. तिला तसे सांगितले. ती म्हणाली, "तरी मी फुलं नेणारच." मी म्हटले, ने. मग तिने आपल्याबरोबरच्या आणखी तिघींच्या बुबुळांतले अंतर कसे मोजायचे ते विचारले, आणि माझी पट्टी दोन दिवसांसाठी मागून नेली.